घराचा व्यवहार वेगळा, गाडीच्या जागेचा वेगळा : फ्रायबुर्गच्या वोबां वस्तीचं प्रकरण

१९९० च्या दशकाच्या मध्यावर जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहराच्या नगररचना विभागापुढे एक पेच उभा राहिला. शहराच्या दक्षिणेला नवी वस्ती वसणार होती. तिथे घर घेऊ पाहणारी काही कुटुंबं विचारत होती : आमच्याकडे गाडी नाही, घ्यायचीही नाही, मग गाडी उभी करायच्या जागेचे पैसे आम्ही का मोजायचे? प्रश्न सरळ होता. उत्तर मात्र कायद्यात अडकलं होतं. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याच्या बांधकाम नियमांप्रमाणे प्रत्येक नव्या घरामागे गाडीची एक जागा दाखवणं सक्तीचं होतं. राहणारा सायकलवर फिरतो की पायी, याच्याशी नियमाला देणंघेणं नव्हतं.

वोबां नावाच्या या वस्तीबद्दल जगभर लिहिलं जातं तेव्हा सौर छपरांचे फोटो पुढे असतात. मी या वस्तीचे नकाशे आणि नियम जितके वाचत गेलो, तितकं मला वाटत गेलं की प्रकरणाचा जीव तीन रुक्ष, कागदी निर्णयांत आहे : जमीन कोणाच्या हातात राहिली, ती केवढ्या तुकड्यांत विकली, आणि गाडीच्या जागेचा खर्च घराच्या किमतीतून कसा बाहेर काढला. फोटोत यातलं काहीच दिसत नाही. म्हणून इथे त्याबद्दलच जास्त लिहितो आहे.

छावणीची जमीन

फ्रायबुर्ग हे साधारण २,३०,००० वस्तीचं शहर आहे. ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरांच्या पायथ्याशी वसलेलं, फ्रान्स आणि स्वित्झर्लंड या दोन्ही देशांच्या सीमा जवळ. विद्यापीठ १४५७ सालचं. २७ नोव्हेंबर १९४४ च्या हवाई हल्ल्यात जुनं शहर बहुतांश जमीनदोस्त झालं. पुन्हा बांधताना जुन्या रस्त्यांची आखणी पुष्कळशी तशीच ठेवली गेली. पुढे गाड्या वाढल्या तेव्हा पश्चिम जर्मनीतल्या अनेक शहरांनी ट्राम मोडीत काढली. फ्रायबुर्गने ती राखली आणि नंतर वाढवत नेली.

याच परिसरात, वील गावाजवळ, १९७५ साली अणुवीज केंद्राच्या नियोजित जागेवर शेतकरी, द्राक्षबागायतदार आणि विद्यार्थी ठाण मांडून बसले. ते केंद्र कधीच झालं नाही. आंदोलनाच्या आगेमागे शहरात एक पिढी अशी तयार झाली की जिला सरकारी अहवाल वाचता येत होते, त्यातल्या आकड्यांवर वाद घालता येत होता आणि पर्यायी आकडेमोड मांडता येत होती. १९७७ मध्ये फ्रायबुर्गमध्ये ओको-इन्स्टिट्यूट ही स्वतंत्र पर्यावरण संशोधन संस्था निघाली. १९८१ मध्ये फ्राउनहोफर या जर्मन संशोधन-संघटनेची सौरऊर्जा संस्थाही इथेच सुरू झाली. वोबांच्या वेळी नागरिक तयारीनिशी बैठकांना आले, त्याची तालीम वीस वर्षं आधीपासून चालली होती.

जमीन मूळची लष्कराची. १९३० च्या दशकात जर्मन सैन्यासाठी बांधलेली ही छावणी दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंच सैन्याकडे गेली. फ्रेंचांनी तिला सतराव्या शतकातल्या वोबां या सेनानी-अभियंत्याचं नाव दिलं. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्यासाठी याच शहराभोवती तटबंदी उभारणारा तो. जर्मनीच्या एकीकरणानंतर, ऑगस्ट १९९२ मध्ये, फ्रेंच सैन्य इथून निघून गेलं आणि शहराच्या मध्यापासून तीनेक किलोमीटरवरची सुमारे ३८ हेक्टर जागा मोकळी झाली. त्या वेळी फ्रायबुर्गमध्ये घरांची चणचण होती. पश्चिमेला रिझेलफेल्ड नावाची, याहून मोठी वस्ती वसवायचं कामही त्याच काळात हाती घेतलं गेलं होतं.

फ्रेंच गेल्यावर जमीन संघराज्य सरकारकडे आली आणि नगरपालिकेने तिचा बहुतेक भाग विकत घेतला. मला हा पहिला निर्णायक टप्पा वाटतो. नगरपालिकेने ही जमीन एका गठ्ठ्यात एखाद्या मोठ्या विकासकाला देऊन टाकली असती, तर पुढच्या कुठल्याच चर्चेला अर्थ उरला नसता. जर्मन कायद्यात अशा प्रसंगासाठी एक खास तरतूद आहे. तिच्याखाली शहर स्वतः जमीन घेतं, आखणी करतं, रस्ते, पाणी, मलनिस्सारण घालतं आणि मग भूखंड विकतं. आखणीमुळे जमिनीची किंमत चढते. ती वाढ विकासकाच्या खिशात न जाता त्याच वस्तीतल्या रस्त्यांत, शाळेत, बालवाड्यांत आणि बागांत खर्च होते. सार्वजनिक सोयींसाठी नंतर हात पसरावे लागत नाहीत, कारण त्यांचा पैसा त्याच जमिनीतून निघालेला असतो.

सगळी जागा मात्र विक्रीला नव्हती. चार जुन्या बराकी ‘सूझी’ या स्वयंसंघटित गटाने मागून घेतल्या. पैसा कमी असलेल्या माणसांनी श्रमदानातून त्या दुरुस्त केल्या आणि कमी भाड्याची घरं तयार केली. आणखी सहा बराकी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांसाठी राहिल्या. बाकीच्या बहुतेक पाडल्या.

टेबलाभोवती कोण होतं

१९९४ मध्ये आराखड्यासाठी स्पर्धा झाली आणि श्टुटगार्टच्या कोहलहोफ आणि कोहलहोफ या वास्तुरचनाकारांचा प्रस्ताव निवडला गेला. त्याच सुमाराला काही नागरिकांनी ‘फोरुम वोबां’ ही संस्था काढली. १९९५ मध्ये शहराने लोकसहभागाचं काम अधिकृतपणे तिच्याकडे सोपवलं. नगरसेवक, अधिकारी आणि फोरुमचे प्रतिनिधी एका कार्यगटात एकत्र बसत. आराखडा आधी पूर्ण करायचा आणि मग हरकती-सूचना मागवायच्या, ही नेहमीची रीत इथे सोडून दिली. रेषा पेन्सिलीने काढलेल्या असतानाच चर्चा सुरू झाली. नगररचना विभागाचे तेव्हाचे प्रमुख वुल्फ डासेकिंग यांच्या कारकिर्दीत हे घडलं. आराखडा शिकत शिकत करायचा, असं या पद्धतीचं सूत्र होतं.

हे सगळं गोडीगुलाबीने झालं असं कोणी समजू नये. फोरुमच्या मागण्या पुष्कळदा शहराला अवास्तव वाटत आणि शहराची सावधगिरी फोरुमला चालढकल वाटे. गाड्यांच्या मुद्द्यावर तर जास्तच. पण भांडण वेळेवर झालं. वितळलेल्या लोखंडाला आकार देता येतो तसं. इमारत उभी राहिल्यावर झालेल्या भांडणातून फक्त कोर्टाच्या तारखा निघतात.

१९९६ मध्ये इस्तंबूलला संयुक्त राष्ट्रांची मानवी वसाहतींवरची दुसरी परिषद झाली. तिथे वोबांचं उदाहरण जर्मनीच्या वतीने आदर्श म्हणून मांडलं गेलं. तेव्हा इथे एकही नवं घर उभं नव्हतं. मांडली गेली ती ठरवण्याची पद्धत. आराखड्याला कायदेशीर रूप १९९७ मध्ये आलं आणि पहिल्या टप्प्याचं बांधकाम त्यानंतर जोराने सुरू झालं.

चार मजले, आणि तरी दाट

नकाशात पूर्व-पश्चिम जाणारा एक मुख्य रस्ता दिसतो, वोबां-आले नावाचा. त्याच्या कडेने ट्रामचे रूळ गवतात बसवलेले आहेत. रुळांलगत पावसाचं पाणी मुरवणारा लांब, उथळ चर आणि छावणीच्या काळातले मोठे वृक्ष. मुख्य रस्त्यापासून निवासी गल्ल्या फुटतात आणि पुष्कळशा इंग्रजी ‘यू’च्या आकारात वळून त्याच रस्त्याला परत येतात. त्यामुळे कोणत्याही गल्लीतून पलीकडे जाणारी रहदारी संभवतच नाही. घरांच्या ओळींच्या मधून हिरव्या पट्ट्या आत आलेल्या आहेत. प्रत्येक पट्टीत काय असावं हे तिच्या काठावर राहणाऱ्यांनी चर्चेतून ठरवलं.

नियम थोडे आणि ठाम होते. स्वतंत्र बंगल्याला परवानगी नाही. उंची साधारण चार मजल्यांपर्यंत. सपाट छपरांवर हिरवळ. जुनी झाडं तोडायची नाहीत. बहुतेक निवासी गल्ल्यांत खाजगी भूखंडावर गाडी ठेवायची जागा बांधायची नाही. एवढं पाळलं की दर्शनी भागाचा रंग, बाल्कनी, साहित्य यांत मोकळीक. म्हणून इथली ओळीतली घरं एका साच्यातून काढल्यासारखी दिसत नाहीत.

आज इथे साधारण ५,५०० माणसं राहतात. हेक्टरी हिशेब केला तर १४० च्या आसपास. त्यात रस्ते, बागा, शाळा, सगळं धरलेलं आहे. घनता म्हटलं की पंधरा-वीस मजली मनोरे डोळ्यांपुढे येतात, पण ही घनता चार मजल्यांत बसली आहे. कशी बसली, ते पाहायचं तर एक हिशेब करून बघावा. एक गाडी उभी करायला, आत-बाहेर वळवण्याची वाट धरून, जमिनीवर साधारण २५ चौरस मीटर लागतात. इथली घरं दोन हजारांच्या घरात. प्रत्येकाच्या दाराशी एक गाडी उभी करायची ठरवली असती तर ५०,००० चौरस मीटर, म्हणजे ५ हेक्टर जमीन नुसती गाड्यांखाली गेली असती. एकूण जागेचा आठवा भाग जवळजवळ. वोबांच्या हिरव्या पट्ट्या, खेळायची मैदानं, चर आणि झाडं ज्या जमिनीवर आहेत, ती जमीन अशी वाचवलेली आहे.

कायदा न मोडता काढलेली वाट

आता सुरुवातीच्या पेचाकडे येऊ.

राज्याचा नियम रद्द करणं शहराच्या हातात नव्हतं. तेव्हा नियम कुठे लागू होतो आणि कुठे वाकतो, याचा बारकाईने विचार झाला. पहिली गोष्ट अशी की नियमाला गाडीची जागा हवी होती, ती घराच्या दाराशीच हवी असं नव्हतं. म्हणून वस्तीच्या कडेला दोन बहुमजली वाहनतळ बांधायचं ठरलं. गाडी असलेल्या कुटुंबाने तिथली एक जागा स्वतंत्रपणे विकत घ्यायची. त्या जागेला सुमारे साडेसतरा ते वीस हजार युरो पडत. एरवी हीच रक्कम घराच्या किमतीत विरघळून जाते, कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे तिचं वेगळं बिल हातात आलं.

दुसरा भाग कठीण होता : ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी ‘गाडीविना राहणीमान संघटना’ अशी एक नोंदणीकृत संस्था काढली गेली. गाडी नसलेलं कुटुंब तिच्याशी करार करतं, आपल्याकडे गाडी नाही असं लिहून देतं आणि एकदाच सुमारे ३,७०० युरो भरतं. या पैशांतून संस्थेने वस्तीच्या कडेचा एक भूखंड राखून ठेवला आहे. उद्या सगळ्या गाडीविना कुटुंबांनी गाड्या घेतल्या, तर त्या भूखंडावर तिसरा वाहनतळ बांधता येईल, असं कागदोपत्री सिद्ध होतं. नियमाला जागेची हमी हवी होती. ती मिळाली, आणि हमीची जागा मात्र मोकळी राहिली. पुढे कुटुंबाने गाडी घेतलीच, तर त्याला वाहनतळातली जागा विकत घ्यावी लागते.

मला या मांडणीचं फार कौतुक वाटतं. यात गाडीवाल्याला कोणी वाईट ठरवलेलं नाही, गाडीवर बंदीही नाही. सामान उतरवायला, आजारी माणसाला सोडायला गाडी चालण्याच्या वेगाने दारापर्यंत येऊ शकते, फक्त तिथे ती मुक्काम करत नाही. म्हणून जाणकार लोक वोबांला ‘गाडीमुक्त’ म्हणत नाहीत, ‘पार्किंगमुक्त’ म्हणतात. आणि सगळी वस्ती तशीही नाही, काही भागांत घरालगत गाडीच्या जागा आहेत. हा फरक वगळला की वोबांचं वर्णन एकदम स्वप्नाळू होऊन जातं आणि ऐकणारा म्हणतो, आमच्याकडे हे शक्य नाही.

दुसरं एक तत्त्व अंतराचं. बहुतेक लोकांच्या घरापासून ट्रामचा थांबा आणि वाहनतळ ही दोन्ही चालायच्या अंतरावर, बऱ्यापैकी सारखी. सायकल मात्र दाराशी. सकाळी घाईत माणूस बाहेर पडतो तेव्हा त्याच्या हाताला आधी काय लागतं, यावर पुष्कळ काही ठरतं. पर्यावरणाबद्दलची प्रवचनं त्या घाईत कोणाला आठवत नाहीत.

परिणाम मोजला गेला आहे. वोबांत दर हजार रहिवाशांमागे खाजगी गाड्यांची संख्या दोनशेच्या खाली राहिली. संपूर्ण फ्रायबुर्गच्या सरासरीच्या निम्म्याहून ती कमी. शहराच्या २०१६ च्या सर्वेक्षणात संपूर्ण फ्रायबुर्गच्या रहिवाशांच्याही सुमारे ३४ टक्के फेऱ्या सायकलने होत असल्याचं आढळलं. म्हणजे वोबां हे बेट नाही. आधीच त्या दिशेने चाललेल्या शहरात ती एक पाऊल पुढे असलेली वस्ती आहे.

ट्रामच्या बाबतीत मात्र शहराचं चुकलं, असं माझं मत आहे. रुळांची जागा आराखड्यात पहिल्यापासून राखली होती, पण ट्राम प्रत्यक्ष आली २००६ च्या एप्रिलमध्ये. तोवर हजारो लोक राहायला येऊन गेले होते आणि बसवर भागवत होते. रिझेलफेल्डमध्ये १९९७ मध्येच, वस्ती जेमतेम भरू लागली असताना, ट्राम पोचली. प्रवासाच्या सवयी नव्या घरात पहिल्या काही महिन्यांत पडतात. त्या महिन्यांत दाराजवळ ट्राम असती तर वाहनतळाच्या जागा आणखी कमी विकल्या गेल्या असत्या, असं मला वाटल्यावाचून राहत नाही.

शेजारी आधी, इमारत नंतर

जमीन किती मोठ्या तुकड्यांत विकली, हा निर्णय वरवर किरकोळ दिसतो. शहराने वोबांत भूखंड लहान ठेवले आणि मोठ्या विकासकांऐवजी बांधकाम गटांना, सहकारी संस्थांना आणि व्यक्तींना विकण्यावर भर दिला. जर्मनीत या बांधकाम गटांना ‘बाउग्रुप्पे’ म्हणतात. सात-आठ किंवा पंधरा-वीस कुटुंबं एकत्र येतात, एकत्र वास्तुरचनाकार नेमतात, एकत्र भूखंड घेतात आणि स्वतःसाठी इमारत बांधून घेतात. विकासकाचा नफा आणि विक्रीचा खर्च वाचतो. त्या बदल्यात बैठका सोसाव्या लागतात. जिना कुठे असावा, सामायिक खोली हवी की नको, सायकली तळघरात की अंगणात, छपरावर कोण जाणार, यावर महिनोन्‌महिने.

या बैठकांचा खरा फायदा इमारत पूर्ण झाल्यावर दिसतो. राहायला येईपर्यंत शेजाऱ्यांनी एकमेकांशी भांडून झालेलं असतं, तडजोड करून झालेली असते. कोणाचं मूल रात्री रडतं, कोणाला आवाज सोसत नाही, कोण शब्दाला पक्का, हे माहीत झालेलं असतं. दाट वस्तीत भिंतीला भिंत लागलेली असताना ही ओळख म्हणजे मोठी ठेव. गाडी एकत्र वापरणं, मुलांना शाळेत सोडायच्या पाळ्या, अंगणात कुंपण न घालणं, या गोष्टी नियमाने लादता येत नाहीत. ओळखीतूनच त्या उगवतात.

अशाच एका गटाने १९९९ मध्ये ‘राहणं आणि काम’ या नावाची चार मजली इमारत पूर्ण केली. घरं आणि कार्यालयं एकाच छपराखाली, आणि पॅसिव्ह हाउस मानकाची, म्हणजे घर तापवायला अगदी कमी ऊर्जा लागणारी. अनेक कुटुंबांची एकत्र इमारत या मानकाने बांधायचे जर्मनीतले जे अगदी सुरुवातीचे प्रयोग झाले, त्यांतला हा एक. प्रयोगाचा धोका इथे कोणा कंपनीने उचललेला नाही. तिथेच राहणार असलेल्या माणसांनी स्वतःच्या पैशाने उचलला.

ऊर्जेचं आता थोडक्यात सांगतो, कारण त्याविषयी सगळीकडे लिहिलेलं सापडतं. शहराने स्वतः विकलेल्या जमिनीवरच्या घरांना घर तापवण्यासाठी दर चौरस मीटरला वर्षाला ६५ युनिट ही मर्यादा घातली होती. पॅसिव्ह हाउसला फक्त १५ लागतात. वस्तीत उष्णतेचं सामायिक जाळं आहे आणि त्याला उष्णता पुरवणारं केंद्र मुख्यतः लाकडाच्या चुऱ्यावर चालतं, सोबत वीजही तयार करतं. लगतच, मर्त्सहाउझर रस्त्याच्या पलीकडे, रोल्फ डिश या वास्तुरचनाकाराची सौर वसाहत आहे. ५९ घरं, वर्षभरात वापरतात त्याहून जास्त ऊर्जा निर्माण करणारी. रस्त्याच्या कडेने तिची लांब व्यापारी इमारत उभी आहे आणि ती रहदारीचा आवाज मागच्या घरांपर्यंत पोचू देत नाही. फोटो बहुतेक या वसाहतीचेच असतात. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी : ऊर्जेची मर्यादा शहराला घालता आली ती जमिनीचा विक्रेता म्हणून, खरेदीखताच्या अटीत. पुन्हा जमिनीशीच येऊन पोचतो आपण.

पाण्याचं गणितही जमिनीवरच सोडवलेलं आहे. छपरावरची हिरवळ पावसाचा पहिला मारा झेलते. उरलेलं पाणी दगडी पन्हळीतून उघड्यावर वाहत चरांत जातं आणि तिथे मुरतं. दक्षिणेच्या कडेने एक ओढा वाहतो, त्याच्या काठची झाडी राखलेली आहे. पाणी नळीत गाडून टाकलं असतं तर रस्ते थोडे रुंद झाले असते. उघड्यावर ठेवल्यामुळे मुलांना ते दिसतं, आणि कुठे तुंबलं तर मोठ्यांनाही लगेच दिसतं.

जे साधलं नाही

वोबां सर्वांसाठी झाली नाही. ही तिची सगळ्यात मोठी उणीव, आणि ती कौतुकाच्या ओघात झाकली जाऊ नये. मूळ कल्पनेत अनुदानित भाड्याच्या घरांचा वाटा बराच होता. पण नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात अनुदान आटलं आणि तो वाटाही आक्रसला. बांधकाम गटात शिरायला भांडवल लागतं, कर्ज मिळण्यासारखी नोकरी लागते आणि बैठकांना देण्याइतका वेळ लागतो. तिन्ही असलेला वर्ग म्हणजे शिक्षक, डॉक्टर, अभियंते, विद्यापीठातले लोक. वस्तीचा तोंडवळा तसाच झाला. कमी उत्पन्नाच्या लोकांना जागा मिळाली ती मुख्यतः सूझीच्या बराकींत, एका सहकारी संस्थेच्या घरांत आणि थोड्याशा अनुदानित इमारतींत. पुढे घरांच्या किमती चढत गेल्या, कारण वस्ती चांगली झाली. चांगली वस्ती दुर्मीळ असली की ती महाग होणारच. २०११ मध्ये वस्तीच्या प्रवेशाजवळच्या मोकळ्या भूखंडावर वाहनघरांत राहणाऱ्या एका गटाला पोलिसांकरवी हटवलं गेलं. तिथे पुढे इमारती आल्या. एकेकाळी बराकी मागून घेऊन राहणाऱ्यांना ज्या वस्तीने जागा दिली, तिच्याच तोंडाशी हे घडलं, हे मला फार लागतं.

दुसरी अडचण वयाची. बहुतेक कुटुंबं एकाच काही वर्षांच्या काळात आली, आणि ती लहान मुलं असलेली. सुरुवातीच्या वर्षांत वस्तीत मुलंच मुलं होती आणि शाळा-बालवाड्यांवर ताण आला. मग तीच मुलं एकदम मोठी झाली. आईबाप मोठ्या घरात दोघेच उरले. अशा वेळी त्यांना त्याच गल्लीत लहान घरात जाता यायला हवं, पण तशी लहान घरं पुरेशी बांधलेली नव्हती. नवी वस्ती आखताना पहिल्या दिवशीच्या कुटुंबाचा विचार होतो, पंचविसाव्या वर्षाच्या कुटुंबाचा होत नाही.

गाडीच्या करारातही पळवाटा निघाल्या. गाडी नाही असं लिहून द्यायचं आणि ती आसपासच्या रस्त्यांवर किंवा नातेवाइकाच्या नावावर ठेवायची, असे प्रकार झाले. शेजारच्या भागातले लोक वैतागले. हे टाळायचं तर भोवतालच्या रस्त्यांवरच्या पार्किंगचा बंदोबस्त वस्तीबरोबरच करावा लागतो. कडेची गल्ली फुकट असेपर्यंत वाहनतळातली जागा कोणालाही महाग वाटणार.

आणि फोरुम वोबां? ज्या संस्थेने लोकसहभागाची ही सगळी घडी बसवली, ती पुढे आर्थिक अडचणीत येऊन बंद पडली. तिचं काम वस्तीच्या नागरिक संघाकडे गेलं. जुन्या छावणीतली ‘हाउस ०३७’ ही इमारत वस्तीचं सामाजिक केंद्र म्हणून वाचवली गेली, तिच्यासमोरच्या चौकात आठवड्याचा बाजार भरतो. संस्था गेली तरी चौक राहिला. मात्र ज्या संस्थेवर एवढं काम टाकलं तिच्या पायाखाली स्थिर निधी ठेवला गेला नाही, ही चूक टाळता येण्यासारखी होती.

पुढचा प्रयोग

फ्रायबुर्गमध्ये घरांची टंचाई संपलेली नाही. रिझेलफेल्डच्या शेजारी डीटेनबाख नावाची, सुमारे ६,९०० घरांची आणि १६,००० लोकांची नवी वस्ती आखली गेली आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिच्यावर शहरात सार्वमत झालं आणि साधारण ६० टक्के मतं बांधायच्या बाजूने पडली. विरोधात शेतजमीन जाणार असलेले शेतकरी होते, मोकळी जमीन राखा म्हणणारे पर्यावरणवादीही होते.

या आराखड्यात वोबांतल्या बऱ्याच गोष्टी आल्या आहेत : सामायिक वाहनतळ, ट्राम, हिरव्या पट्ट्या. जे वोबांत निसटलं त्याबाबत नगरपरिषदेने आधीच ठराव केला आहे, निम्मी घरं अनुदानित भाड्याची असावीत असा. अडचण अशी की इथली जमीन सोडून गेलेल्या सैन्याची नाही. ती शेकडो खाजगी मालकांत विभागलेली होती आणि भाव ठरवून ती मिळवावी लागली. जमीन महाग पडली की रस्ते-शाळांचा खर्च भागवायला भूखंड चढ्या दराने विकावे लागतात, आणि चढ्या दराच्या भूखंडावर कमी भाड्याचं घर बांधायला कोणी सहजी पुढे येत नाही. निम्म्या घरांच्या त्या ठरावाची कसोटी आता प्रत्येक भूखंडाच्या खरेदीखतावर लागणार आहे.